मॉक्लरांची आठ मुलं

१

त्या घरात मुलं किती होती, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही. स्पेनमधल्या सालामांकाच्या विद्यापीठात सहा वर्षं तर्कशास्त्र घोटलेल्या माणसाने असं म्हणावं, ही लाजेची गोष्ट आहे. पण आता माझं वय झालं आहे. स्मरणशक्ती ही पहिल्यापासूनच माझ्यावर रुसलेली बाई. तेव्हा जे लिहितो आहे त्यातलं थोडं मी पाहिलं असेल, थोडं नंतर मनाने जोडलं असेल. वाचणाऱ्याने दोन्हीला जागा ठेवावी.

एवढं नक्की आहे की सोळाशे चौतीस साली मी आयर्लंडमधल्या टिपररी परगण्यात, बॅलिनूरच्या गढीत, सर रेडमंड मॉक्लर यांच्या मुलांचा मास्तर होतो. सर रेडमंड बॅरोनेट होते. ‘सर’ ही पदवी त्यांच्यानंतर थोरल्या मुलाकडे जायची होती, आणि परगण्याच्या वतीने डब्लिनच्या पार्लमेंटात ते निवडून गेले होते. मी त्यांना प्रथम पाहिलं तेव्हा ते अंगणात एका डुकरिणीशी राजकारणावर बोलत होते. तिला सगळं पटत होतं.

त्या घराइतकं आनंदी घर मी पुढे कुठेही पाहिलं नाही, हेही नक्की आहे. म्हणूनच हे सगळं सांगायला इतकं अवघड जातं.

२

डिसेंबरच्या मध्यावर साहेब डब्लिनहून परत आले. फाटकापासून गढीच्या दारापर्यंत कुळं उभी होती. कोणी तरी वीणा छेडत होतं. थोरला थिओबाल्ड, बावीस वर्षांचा, बापाचा लगाम धरायला धावला आणि शेणावरून घसरून सरळ घोड्याच्या पायांशी जाऊन बसला.

“वा! राजप्रतिनिधीसमोर मीदेखील असाच गेलो होतो,” साहेब वरून म्हणाले. “फक्त माझ्या वेळी शेण दिसत नव्हतं.”

जेवणाच्या दालनात त्यांनी पार्लमेंटची हकीकत सांगितली. “तीन महिने आम्हाला ‘हो’ म्हणायला शिकवलं. शेवटच्या आठवड्यात मी उभा राहिलो आणि ‘नाही’ म्हणायची परवानगी मागितली.”

“मिळाली?” लेडी मार्गेरींनी विचारलं.

“विचार करून कळवतो म्हणाले.”

हशा पिकला. मग साहेबांनी दोन बातम्या दिल्या. पहिली, एलिसचं लग्न ठरलं होतं आणि ते ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस लागण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे मार्चच्या आत उरकायचं होतं. एलिस लाजली नाही, तिने टेबलावर मूठ आपटली आणि “अखेर!” म्हणाली. दुसरी बातमी अशी की साहेब स्वतःचं थडगं बांधून घेणार होते.

“अहो, शुभ बोला!” बाईसाहेब म्हणाल्या.

“शुभच बोलतोय. मेल्यावर मला कोण ते बघू देणार आहे? मला बघायचंय. वर मी आडवा, चिलखत घालून, पोट आत. शेजारी तू. खाली बाजूला आमची मुलं, गुडघे टेकून, हात जोडून, ओळीने. डब्लिनमध्ये मी एक थडगं पाहिलं. बिचाऱ्याची दहा मुलं, त्यांतल्या सहांच्या हातात कवटी.”

बापाच्या आधी जे मूल गेलं, त्याच्या हातात पाथरवट कवटी देतो. ही रीत सगळ्यांना माहीत होती.

“माझ्या एकाच्याही हातात नाही,” साहेब म्हणाले आणि त्यांचा आवाज भरून आला. “देवाची कृपा त्यांच्यावर. आठ झाली, आठही जिवंत. आहे का परगण्यात दुसरा असा बाप?”

सगळ्यांनी पेले उंचावले. मीही उंचावला. आणि पेला ओठाशी असतानाच मी मनात मोजलं: थिओबाल्ड, एलिस, पिअर्स, रोलंड, जोन, अनस्तास, धाकटा जॉफ्री.

सात.

३

साहेबांची जीभ घसरली असावी, असं मी ठरवलं. पार्लमेंटात जाणाऱ्या माणसाला आकडा फुगवायची सवय लागतेच.

पण दुसऱ्या दिवशी मला एक गोष्ट दिसली. ती आधीपासूनच असणार, माझंच लक्ष नव्हतं. स्वयंपाकघराच्या फळीवर मुलांसाठी ओटच्या लापशीचे लाकडी वाडगे मांडत, ते आठ होते. थिओबाल्डचा सगळ्यांत मोठा, मग उतरत्या क्रमाने, आणि जॉफ्रीच्या आधीचा एक वाडगा, काठाला थोडा टवका उडालेला. सगळ्यांत लोणी पडायचं. सगळे रिकामे परत यायचे.

मी रोलंडवर पाळत ठेवली. रोलंड चौदा वर्षांचा होता आणि त्या वयात मुलगा दोन वाडगे खातोच. तीन सकाळी मी त्याच्यासमोर बसलो. त्याने एकच खाल्ला. चौथ्या सकाळी तो म्हणाला, “मास्तर, माझ्या तोंडात काय शोधताय? क्रियापदं हरवली का तुमची?”

मग मी कुत्र्यांवर संशय घेतला. कुत्रा वाडगा चाटतो, पण चमचा वाडग्यात आडवा ठेवून देत नाही.

थिओबाल्ड आणि एलिस सोडून बाकी पाच जण माझ्याकडे शिकत. वरच्या मजल्यावरच्या खोलीत, शेकोटीत पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा, धुमसत असे. ती सगळी मिळून लॅटिन म्हणायची आणि मी खिडकीतून बाहेर बघत ऐकायचो. मला त्यात कधी कधी एक आवाज जास्त वाटे. तो चुकत नसे. उलट बाकीचे अडखळले की तो थोडा पुढे जाऊन थांबायचा, जणू त्यांची वाट पाहत. मी वळलो की पाच तोंडं. माझ्या कानांबद्दल माझं मत मुळातच चांगलं नव्हतं. स्पेनमध्ये मला ताप आला होता, त्यात डावा कान अधू झालेला.

एकदा मी बाईसाहेबांना विचारलंच. त्या एलिसच्या लग्नाचा अभ्रा शिवत होत्या.

“बाईसाहेब, थडग्यावर मुलांची नावं घालायची आहेत. आपली मुलं सातच ना?”

त्यांनी सुई थांबवली नाही. हसल्या. “जन्म मी दिलाय हो मास्तर. मला मोजता येतात.”

हे उत्तर होतं का? मला तेव्हा ते उत्तर वाटलं.

पाथरवटाला यादी पाठवायचं काम माझ्याकडे होतं. नदीपलीकडे माथ्यू ब्रोफी नावाचा पाथरवट होता, त्याला मुलगे-मुली, वयं आणि कोण गेलं कोण आहे, एवढं कळायला हवं होतं. मी रात्रभर नाही, पण एक अख्खी दुपार त्या कागदासमोर बसलो. सत्य लिहावं की धन्याने सांगितलेलं? शेवटी मी विद्येला स्मरून लिहिलं: मुलगे चार, मुली तीन, एकूण सात, सगळे हयात. सही केली. कागद गेला, आणि मला फार बरं वाटलं. आयुष्यात मी इतका ठाम क्वचितच झालो असेन.

४

लग्नाला पाच दिवस राहिले होते, तेव्हा अनस्तासचा घसा धरला.

ती नऊ वर्षांची होती, आणि त्या घरातली सगळ्यांत बडबडी. सकाळी तिने मला विचारलं होतं की लॅटिनमध्ये शिंका कशा देतात. दुपारी तिला बोलता येईना. दुसऱ्या दिवशी ताप इतका चढला की तिच्या खोलीच्या दारातूनच मला तिचा श्वास ऐकू येत होता: ओल्या कापडातून हवा ओढावी तसा.

वैद्य आला, रक्त काढलं, मान हलवली. लग्न पुढे ढकलायचं तर ईस्टरनंतर. एलिस म्हणाली, “ढकला. तिच्याशिवाय मी नाचणार नाही.” साहेब जिन्यात बसून होते.

ओनोरा दाई मला शेकोटीपाशी भेटली. तिने सगळ्या मुलांना अंगावर पाजलं होतं, आणि साहेबांनासुद्धा तिच्या आईने. घरात ती कोणालाच घाबरत नसे.

“मास्तर, एक विचारते. त्या ब्रोफीला तुम्ही काय लिहून दिलंत?”

“मुलांची यादी.”

“किती?”

“सात,” मी म्हणालो. “आहेतच सात.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, लहान मुलाने विहिरीत चप्पल टाकली की आपण जसं बघतो तसं.

“शिकलात, पण शहाणे नाही झालात हो. थिओबाल्ड जन्मला तेव्हापासून या घरात एक जास्त सांगतो आम्ही. माझी आई तेच करायची. एक असताना दोन. दोन असताना तीन. कोणी न्यायला आलं, तर जास्तीच्याला शोधत बसावं त्याने. सापडत नाही, जातो निघून.” तिने शेकोटीत पीटची एक वीट सारली. “सात म्हणालात, आणि तेही दगडावर.”

मला हसू आलं, सुटकेचं हसू. म्हणजे हे एवढंच होतं! एक जुनी बाळबोध समजूत, दृष्ट लागू नये म्हणून. वाडगा मांडायचा तोही त्यासाठीच.

“मग ती लापशी कोण खातं?” मी विचारलं.

ओनोराने शेकोटीवरून मान वर केली.

“मला वाटायचं, तुम्हीच खाताय,” ती म्हणाली.

वरून अनस्तासचा श्वास ऐकू आला. मग थांबला. आम्ही दोघंही उभे राहिलो. मग पुन्हा आला.

मी टोपी घेतली.

५

ब्रोफीचं आवार नदीच्या पलीकडे, तासाभराच्या चालीवर होतं. मी साठ वर्षांच्या माणसासारखा दमलो. तेव्हा मी पस्तिशीचा होतो. ऊन होतं, कुंपणांवर पिवळी फुलं आलेली, आणि ब्रोफी अंगणात चुन्याच्या दगडाच्या भुकटीत पांढरा होऊन गाणं म्हणत होता.

“मास्तर, वेळेवर आलात! एक अडचण आहे, तुम्हीच सोडवा.”

सहा मूर्ती भिंतीशी ओळीने ठेवलेल्या होत्या, गुडघे टेकून, हात जोडून. थिओबाल्डचं नाकसुद्धा त्याने बरोबर मोठं काढलं होतं. सातवी अर्धवट होती. चेहरा झाला होता: अनस्तासचाच, ओठ जरासे उघडे, जणू आत्ता बोलेल. पण हात जुळलेले नव्हते. दोन तळहातांच्या मध्ये गारगोटीचा एक काळा गोळा होता.

“दगडातच निघाला,” ब्रोफी म्हणाला. “तीन दिवस झाले, छिन्नी घसरते. हात जुळूच देत नाही. आता बघा ना, आकार कसा आहे. मी म्हटलं, हयात लिहिलंय खरं, पण हिच्या हातात कवटीच करून टाकली तर दगड वाया जाणार नाही. दोन भोकं पाडली की झालं.”

त्याने छिन्नी त्या गोळ्यावर टेकवली, कुठे पाडणार ते दाखवायला.

“थांब!” मी ओरडलो. इतक्या मोठ्याने की कोंबड्या उडाल्या. “यादी चुकली. माझी चूक. आठ आहेत.”

“आठ?” ब्रोफीचा चेहरा उजळला. “मुलगा की मुलगी?”

“मुलगी.”

“अहाहा! चार आणि चार. मी रोज म्हणायचो, या थडग्याची एक बाजू लंगडी आहे. दगडालादेखील कळतं हो.” त्याने जमिनीवरून कोळसा उचलला आणि एका नव्या शिळेसमोर बसला. “सांगा. केवढी?”

खरं म्हणजे मी काहीही सांगू शकलो असतो. कोणतीही मुलगी, कोणताही चेहरा. मी ठरवलं होतं की लेडी मार्गेरींसारखी, एवढंच म्हणायचं.

“सात वर्षांची,” मी म्हणालो. “अनस्तासपेक्षा चार बोटं बुटकी. केस सरळ, डावीकडचे कानामागे खोचलेले, उजवीकडचे नाहीत. त्या बाजूचे ती चघळते. मान थोडी वाकलेली. ऐकत असल्यासारखी. जोडलेल्या हातांत अंगठे आत दडवलेले. डाव्या भुवईत एक बारीक खंड, शेकोटीच्या कट्ट्यावर पडल्याचा...”

मला थांबता येईना. ब्रोफीचा कोळसा भराभर चालत होता, आणि शिळेवर ती येत होती, आणि प्रत्येक रेघ बरोबर होती. ती बरोबर आहे हे मला कळत होतं. कशावरून, ते विचारू नका. दोन वर्षं मी खिडकीतून बाहेर बघत होतो, असंच मी समजून चाललो होतो.

“छान पोरगी आहे,” ब्रोफी म्हणाला. मग सहज, कामातलं विचारावं तसं: “हिला कवटी द्यायची?”

भर उन्हात मी गारठलो. कारण सत्य मला माहीत होतं. जी कधी जन्मलीच नाही तिला हयात म्हणणं हे खोटं होतं. आणि कवटी म्हटलं, तर न्यायला आलेल्याला त्याचं माणूस मिळालं. मग जास्तीचं कोणी उरत नव्हतं. माझ्यामागे, भिंतीच्या सावलीत, कोणीतरी श्वास रोखून उभं आहे असं मला वाटलं. मी वळलो नाही.

“नाही,” मी म्हणालो. “जिवंत आहे. चांगली ठणठणीत आहे. देवाची कृपा तिच्यावर.”

मागे कोणीतरी श्वास सोडला. तिथेच ब्रोफीचं गाढव बांधलेलं होतं, हेही मी सांगून ठेवतो.

ब्रोफी उठला, चालता चालता सवयीने त्या सातव्या मूर्तीवर हातोडीची एक हलकी टिचकी मारली. गारगोटीचा गोळा सुटला आणि गडगडत माझ्या बुटाशी आला. “अरे तिच्या!” तो म्हणाला. “तीन दिवस मी काय करत होतो?”

६

मी धावत परत आलो असं लोक नंतर सांगत. मला आठवतं ते फक्त गढीच्या दारातलं दृश्य: जॉफ्री उंबऱ्यावर बसून ओरडत होता, “मास्तर! अनस्तासला भूक लागलीय! भाकरी मागतेय, लोण्याची! आणि तुम्हाला शिव्या देतेय!”

ती उशीला टेकून बसली होती. घसा घोगरा, पण सुरू. “मास्तर, मी मरत होते आणि तुम्ही फिरायला गेलात?”

“पळत गेलो,” मी म्हणालो.

“पळता तुम्ही? मग बघायला हवं होतं.”

साहेब पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसून रडत होते, हसत होते, आणि ओनोराने त्यांच्या हातात ताकाचा पेला दिला होता तो त्यांच्या मांडीवर सांडत होता.

चौथ्या दिवशी एलिसचं लग्न झालं. तसा दिवस पुन्हा आला नाही. दुपारीच वीणावाल्याच्या दोन तारा तुटल्या. नवरदेवाच्या काकाने साहेबांना पार्लमेंटातलं भाषण करून दाखवायला लावलं. साहेबांनी ते खुर्चीवर चढून केलं आणि ‘नाही’ या शब्दापाशी खुर्ची मोडली. मग सगळे दालनभर हातात हात घालून नाचायला लागले. पुढे साहेब, मागे एलिस, मग सगळे, लांबच लांब साखळी, टेबलांना वळसा घालून, जिन्यावरून, पुन्हा खाली.

मी शेकोटीच्या कट्ट्याशी उभा होतो. अनस्तास अजून अशक्त होती म्हणून साखळीच्या अगदी शेपटाला होती. तिचा उजवा हात रोलंडच्या हातात होता. डावा हात मागे होता.

साखळीतल्या शेवटच्या माणसाचा मोकळा हात लोंबतो, हलतो. तिचा ताणलेला होता. मनगटापाशी बाहीला चुण्या पडल्या होत्या, पकडल्यासारख्या.

ती माझ्यासमोरून गेली तेव्हा मान मागे वळवून, हसत, धापा टाकत म्हणाली, “अगं हळू ना!”

पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरपं आलं होतं. साखळी त्यातून वळली. एका क्षणी, अनस्तासच्या मागे, चार बोटं खाली, कानामागे खोचलेले केस मला दिसले. कान दिसला. ती तोंड वळवायला लागली.

मी डोळे मिटले. ते मी का मिटले, याचा मी आयुष्यभर विचार केला. भीती होतीच. पण त्याहून जास्त, मला वाटतं, ती माझ्याकडे पाहील आणि हसेल, आणि मी तिचं नाव विचारीन, असं काहीतरी.

डोळे उघडले तेव्हा साखळी जिन्यावर होती. कोणीतरी “मास्तर!” म्हणून ओढलं आणि मीही नाचलो. वाईट नाचलो. सगळे हसले.

७

वसंतात मी ती नोकरी सोडली. कोणी काढलं नाही. उलट बाईसाहेबांनी थांबा म्हटलं. पण शिकवताना मला पाचांकडे बघायचा धीर होत नव्हता, आणि खिडकीबाहेर बघायचा तर त्याहून नाही.

मग वाईट वर्षं आली. लढाया, दुष्काळ, प्लेग. मॉक्लरांची जमीन गेली, गढीचं छप्पर गेलं, ज्या चर्चमध्ये थडगं होतं ते तोफांनी पाडलं. परगण्यात असं घर उरलं नाही ज्यातलं माणूस गेलं नाही. मी परदेशात होतो, आणि दर वर्षी बातमीची वाट बघत होतो, आणि बातमी आली की उघडायला घाबरत होतो.

सोळाशे साठ साली इंग्लंडचा परागंदा राजा गादीवर परत आला, त्यानंतर मी डब्लिनला आलो. एका दुसऱ्याच घराण्याच्या कामासाठी मला वंशावळींच्या दफ्तरात जावं लागलं. मोठ्या घरातला माणूस गेला की त्याचा वारस तिथे जातो आणि बायको, मुलं, कोण हयात, कोण नाही, हे शपथेवर लिहून देतो. सर रेडमंड आदल्याच वर्षी वारले होते, ऐंशीव्या वर्षी, झोपेत. मी लिपिकाला ती नोंद मागितली. मला फक्त किती उरली ते पाहायचं होतं.

अक्षर थिओबाल्डचं होतं. गढीत असताना मी ते कितीदा पाहिलं होतं. नावं ओळीने होती: एलिस, पिअर्स, रोलंड, जोन, अनस्तास, जॉफ्री. प्रत्येकापुढे ‘हयात’. त्या वर्षांतून सगळी वाचली होती. मी लिपिकासमोरच डोळे पुसले. तो बिचारा गोंधळला.

मग मी पान उलटलं. तिथे आणखी एक ओळ होती, त्याच शाईत, त्याच घाईत, काहीही न खोडता: ‘आठवी, मुलगी. विवाहित. तीन मुलं. सर्व हयात.’